बर्फाळ उतारावर गाडी घसरली तेव्हा : हिवाळ्यात हिमाचलला गाडी नेणाऱ्या सोलापूरकरांसाठी

होटगी रोड (चर्चेचा धागा सुरू करणाऱ्या)

नमस्कार. जानेवारीत हिमाचलातून सोलापूरला परत निघालो असताना आमची गाडी बर्फाच्या रस्त्यावरून घसरली. कोणाला खरचटलेदेखील नाही आणि गाडीही दुरुस्त होऊन दारात उभी आहे; परंतु अशा वेळी चालकाच्या हातात नेमके काय असते आणि काय नसते, या प्रश्नाचे उत्तर घरात कोणालाच नीट देता आलेले नाही. अलीकडे आपल्या गावातून स्वतःची गाडी घेऊन सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या मनालीला जाणारी पुष्कळ कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत, आणि आपण बहुतेक सगळे गाडी शिकलो ते विजापूर रोडच्या सपाट, तापलेल्या डांबरावर. म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

आमचा मुक्काम मनालीच्या पुढे, अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला होता. रात्री बर्फ पडून पहाटे आभाळ मोकळे झाले होते. गड्ड्याच्या यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या आत घरी पोहोचायचे, हे सासूबाईंनी आधीच बजावले असल्यामुळे दिवस उजाडता उजाडता आम्ही निघालो. गाडी माझे दीर चालवत होते. त्यांचा हात बसलेला आहे आणि वेगाची त्यांना हौस नाही. रोहतांग खिंडीखालून जाणाऱ्या अटल बोगद्यातला रस्ता कोरडा आणि उजेडाचा, त्यामुळे तिथे कसलीच अडचण आली नाही. दक्षिणेकडून बाहेर पडल्यावर रस्ता काळाच दिसत होता, कडेला तेवढे बर्फाचे ढीग होते. सावलीतल्या एका वळणाच्या अलीकडे टायरचा आवाज एकाएकी बंद झाला. रस्त्यावर टायर सतत घरघर करत असतात, हे ती घरघर थांबल्यावरच मला जाणवले. दिरांनी ब्रेक दाबला तेव्हा खालून कटकट असा आवाज येऊ लागला, पेडल त्यांच्या पायाला उलटे ढकलू लागले, आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने पुढे जात राहिली. स्टिअरिंग वळवलेले होते, पण गाडी वळत नव्हती. मग मागचा भाग दरीच्या बाजूला जाऊ लागला. दिरांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग डोंगराकडे धरून ठेवले. पुढचे चाक डोंगराच्या पायथ्याच्या चरात उतरले, गाडी कलली आणि थांबली.

त्यानंतरचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाडीचा मागचा भाग रस्त्यात आडवा राहिला होता. पुतण्याने डिकीतली सोलापुरी चादर काढून चाकाखाली सारली आणि ढकलण्यासाठी तो मागे उभा राहिला. चाक फिरताच चादर मागे फेकली गेली. तेवढ्यात खालून चढत येणाऱ्या एका स्थानिक टॅक्सीचालकाने लांबूनच ओरडून आम्हा सर्वांना गाडीपासून दूर, वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला जायला लावले. आम्ही जेमतेम तिथे पोहोचतो तोच मागून आलेली दुसरी गाडी त्याच वळणावर तशीच घसरत आली आणि आमच्या गाडीच्या मागच्या दाराला धडकली. पुतण्या क्षणापूर्वी तिथेच उभा होता.

माझे प्रश्न असे आहेत. ब्रेक दाबूनही गाडी का थांबली नाही? ब्रेक सोडल्यावर ती वळली, हा योगायोग होता का? आणि टायरांवर बर्फासाठीच्या साखळ्या लावल्या असत्या तर कितपत फरक पडला असता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पार्क चौक

ताई, आपण सर्व सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवतो, त्यामुळे आकड्यांच्या आधारे उत्तर देतो.

रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचे माप, कोरड्या डांबरावर साधारण ०.७, दबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी दबलेल्या बर्फावर २५ मीटर आणि गोठलेल्या थरावर ६३ मीटर जाते. वेग निम्मा, म्हणजे २० केला, तर हेच ६३ मीटरचे अंतर १६ मीटरवर येते, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

हे सगळे सपाटीवरचे झाले. बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड समुद्रसपाटीपासून ३,०६० मीटरवर आहे. मनाली तिथून २५ किलोमीटर दूर आणि जवळजवळ हजार मीटर खाली आहे. म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी चार मीटरचा उतार, आणि काही ठिकाणी त्याहून तीव्र. उतारावर गाडीचे स्वतःचे वजनच तिला खाली ओढत असल्यामुळे थांबण्यासाठी घर्षणातला उरलेला भागच उपयोगी पडतो. ०.१ मधून ०.०४ गेले की ०.०६ उरतात आणि ६३ मीटरचे १०५ मीटर होतात. जिथे शंभराला दहा असा उतार असेल तिथे ही वजाबाकी शून्यावर येते, म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेली गाडीसुद्धा थांबत नाही, मग तिचा वेग कितीही कमी असो. तेथे दोष चालकाचाही नाही आणि ब्रेकचाही नाही. थांबण्यासाठी लागणारी वस्तूच रस्त्यावर नसते. म्हणून बर्फाळ उताराचा निर्णय उताराच्या माथ्यावर घ्यायचा असतो. एकदा गाडी खाली निघाली की बरेचसे पर्याय संपलेले असतात.

आपला दुसरा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ब्रेक सोडल्यावर गाडी वळली, हा योगायोग नव्हता. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो आणि थांबणे व वळणे या दोन्ही गोष्टी त्याच साठ्यातून भागवाव्या लागतात. तो सगळा साठा ब्रेकने खाल्ला की वळण्यासाठी काही उरत नाही. एबीएस चाकांना पूर्ण अडकू देत नाही, ते सोडत-धरत राहते (आपण ऐकलेली कटकट तीच) आणि त्यामुळे थोडे वळता येते. परंतु इतक्या निसरड्या थरावर तेही अपुरे पडते. आपल्या दिरांनी ब्रेक सोडून उरलेली सगळी पकड वळण्यासाठी मोकळी केली, आणि तीही डोंगराच्या दिशेने. हे त्यांना अवश्य सांगावे.

वळणाचेही गणित आहे. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.१ घर्षण असताना ताशी १४ किलोमीटरच्या वर गेलेली कोणतीही गाडी आपली वाट सोडते. आपण शहरातल्या चौकातसुद्धा यापेक्षा वेगाने वळतो.

अक्कलकोट नाका

माझा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. आमच्या गाड्या डाळिंब घेऊन उत्तरेत जातात आणि हंगामात काश्मीरहून सफरचंद घेऊन येतात. व्यवसाय हाती घेण्याआधी मी स्वतः त्या रस्त्यांवर गाडी चालवलेली आहे.

पार्क चौक सरांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, फक्त गिअरचा मुद्दा राहिला. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा, हा आमच्याकडे पहिला धडा असतो आणि बर्फात तर त्याहून एक गिअर खाली. उताराच्या आधीच दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरात आणलेली गाडी इंजिनाच्या रोधावर उतरते आणि ब्रेकला हात लावावा लागत नाही. पाय ब्रेकवर जाण्याची सवय तुळजापूरच्या घाटात एकवेळ खपून जाते.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. पूर्वी रोहतांग खिंडीवरून किंवा काश्मीरच्या वाटेवरच्या जुन्या जवाहर बोगद्याकडून जाताना थंडी आणि बर्फ हळूहळू वाढत जात, त्यामुळे माणूस आपोआप सावध होत असे. आता अटल बोगदा २०२० साली सुरू झाला आणि बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ पासून वाहता आहे. हे बोगदे म्हणजे चालकांवरचे मोठे उपकार आहेत. परंतु आतल्या कोरड्या रस्त्यावर चढलेला वेग घेऊनच माणूस बाहेरच्या गोठलेल्या रस्त्यावर येतो. माझ्या चालकांना मी सांगून ठेवले आहे की बोगद्याचे तोंड दिसू लागले की आतच वेग उतरवायचा आणि गिअर बदलायचा, बाहेर आल्यावर नाही.

पार्क चौक

दादा, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, एक पुरवणी मात्र जोडतो. गाडी प्रत्यक्ष गोठलेल्या थरावर असताना तिसऱ्यातून एकदम पहिल्यात टाकून क्लच झटक्याने सोडला, तर इंजिनाचा रोध चाकांना ब्रेकसारखाच अडकवतो, आणि लहान गाड्यांत तो फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणून गिअर आधी बदलावा आणि क्लच अलगद सोडावा. चाके अडकलीच तर क्लच दाबून त्यांना पुन्हा फिरू द्यावे. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर निवडण्याची सोय कुठे आहे, ते घरूनच पाहून ठेवावे. विजेवरच्या गाड्यांत पाय उचलताच जो रोध लागतो, तोही बर्फावर कमीत कमी ठेवलेला बरा.

मंगळवेढेकर

आमच्याकडच्या काळ्या रानात पहिल्या दमदार पावसानंतर गाडी घातली की हीच गत होते. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. ऊसवाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल एखाद्या अवकाळी सरीने भिजला की मोटारसायकली आडव्या होताना दर वर्षी पाहतो. त्यामुळे पाय हलका ठेवणे आणि स्टिअरिंगला झटका न देणे आम्हाला नवीन नाही. माझी सूचना अशी की चिखलात आम्ही टायरमधली हवा थोडी कमी करतो, तसे बर्फातही करून पाहावे.

सुभेदार, निवृत्त

सर्वांना नमस्कार. सैन्यात असताना लाहौल आणि लडाख या दोन्ही भागांत मी वाहन चालवले आणि नंतर चालवायला शिकवलेही. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मंगळवेढेकर, हवा कमी करण्याचा उपाय मऊ, खोल बर्फात रुतलेल्या गाडीला काही प्रमाणात मदत करतो, कारण तिथे टायर पसरून वर राहतो. ताईंच्या गाडीखाली होता तो डांबरावर गोठलेला पातळ थर. तिथे हवा कमी करून विशेष काही मिळत नाही आणि पुढे कोरड्या घाटात तीच कमी हवा धोक्याची ठरते. आपल्या चिखलाशी साम्य इथेच संपते. चिखल डोळ्यांना दिसतो. हा थर पारदर्शक असतो, त्यातून खालचे डांबर दिसते आणि रस्ता फार तर ओला असावा असे वाटते. तिकडचे चालक त्याला पाला म्हणतात आणि पडत्या बर्फापेक्षा त्याला अधिक भितात.

तो कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. दुपारी कडेचे बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येते आणि सूर्य डोंगराआड गेला की ते गोठू लागते. सर्वांत कडक गोठण सूर्योदयाच्या सुमाराला असते, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर सूर्य चढत्या दिवसालाच पोहोचतो. पुलावर खालूनही थंड वारा लागत असल्यामुळे पूल आसपासच्या रस्त्याआधी गोठतो. देवदारांच्या सावलीत, झऱ्याच्या मोरीपाशी आणि बोगद्याच्या तोंडाशी तो असणारच, असे धरून चालावे. यंत्राने बर्फ काढलेला रस्ताही निर्धोक नसतो. सीमा सडक संघटनेचे लोक जिवापाड काम करतात, परंतु यंत्राच्या पात्याखाली जो पातळ थर उरतो तो वाहनांच्या चाकांनी घासून आणखी गुळगुळीत होतो. तेव्हा निघण्याची वेळ सकाळी दहाच्या पुढची आणि घाट उतरून होण्याची वेळ तीनच्या आतली ठेवावी. हे पाळणाऱ्याला पुढचे सगळे नियम कमी वेळा आठवावे लागतात.

आता साखळ्यांविषयी. साखळी बर्फात रुतून आणि थराला ओरखडे पाडून पकड निर्माण करते. फरक निश्चित पडतो, पण कोरड्या रस्त्याइतकी पकड ती देत नाही. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात, आणि बर्फ पडल्यावर पोलीस साखळी असलेल्या किंवा चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. साखळी ओढणाऱ्या चाकांवर लावावी लागते, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. परंतु उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पुढची चाके धरतात, मागची मोकळी असतात, आणि ब्रेक जोरात लागला तर गाडी मागून फिरते. शक्य असेल तर उतारासाठी चारही चाकांवर साखळी लावावी. चारही चाकांना ओढ असलेली गाडी निघताना आणि चढताना उपयोगी पडते. थांबताना सर्व गाड्यांना चारच चाके आणि चारच ब्रेक असतात. महागड्या गाड्या घेऊन आलेले लोक हे न समजल्यामुळे घसरताना मी पाहिले आहेत.

आमच्याकडे ताफ्याला एक शिस्त होती. निसरड्या उतारावर एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी खाली सुरक्षित थांबल्याची खूण मिळेपर्यंत मागची गाडी माथ्यावरून हलत नसे. पर्यटकांची रांग मात्र एकमेकांना चिकटून उतरते, आणि पहिली घसरली की मागच्या तिच्यावर जातात. ताईंच्या बाबतीत हेच झाले. त्या टॅक्सीचालकाने योग्य तेच केले. एक गाडी जिथे घसरली तिथे दुसरी घसरणारच, म्हणून माणसांनी गाडीच्या पुढे, मागे किंवा खालच्या अंगाला क्षणभरही थांबू नये. त्रिकोणी फलक वळणाच्या बराच आधी, वरच्या बाजूला ठेवावा.

गाडी घसरत असताना उडी मारावी का, असे अनेक जण विचारतात. माझे मत नाही असे आहे. गाडी ज्या बर्फावर घसरते त्याच बर्फावर आपला बूटही घसरतो आणि माणूस आपल्याच गाडीच्या चाकाखाली जातो. पट्टा बांधलेला असावा, नजर जिथे जायचे त्या बाजूला असावी, दरीकडे नसावी, आणि काहीच ऐकत नसेल तर गाडी डोंगराच्या चरात किंवा कडेच्या बर्फाच्या ढिगात घालावी. पत्रा चेपतो, माणसे राहतात.

होटगी रोड

सुभेदार साहेब आणि सर, मनापासून आभार. आपले उत्तर मी दिरांना वाचून दाखवले. त्या दिवसापासून ते त्या प्रसंगाविषयी फारसे बोलत नव्हते. ब्रेक सोडल्यामुळेच गाडी डोंगराकडे वळू शकली, हे ऐकल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला.

मोहोळ ते म्युनिक

मी मूळचा मोहोळचा, सध्या जर्मनीत असतो. येथे रस्त्यावर बर्फ किंवा गोठण असताना हिवाळी टायरशिवाय गाडी चालवणे २०१० पासून कायद्याने मना आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असलेले टायरच हिवाळी म्हणून ग्राह्य धरले जातात. कारण सरळ आहे. तापमान सुमारे सात अंशांच्या खाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचांत बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बर्फ धरणाऱ्या बारीक चिरा असतात.

सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षे तापलेले टायर याच्या अगदी उलट टोकाला असतात. भारतात मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर खोल असावी लागते; शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलीमीटर लागते. आपल्याकडे चांगला मानला जाणारा टायर तिथे बाद ठरतो. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जाण्यापूर्वी प्रत्येकाने ती वाचावी. नक्षी शाबूत असली तरी जुने टायर घेऊन जाऊ नये.

चादरीविषयी वाचून आश्चर्य वाटले नाही. जाडसर कापड बर्फाला चांगले धरते, आणि येथे टायरवर मोज्यासारखी चढवायची कापडी आवरणेही मिळतात. परंतु ते आवरण पूर्ण चाकाला आवळून बसते. सुटे कापड फिरते चाक मागे फेकते आणि त्याच दिशेने ढकलणारा माणूस उभा असतो.

सात रस्ता

सर्वांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. हे सगळे शिकून, साखळ्या घेऊन, टायर बदलून आपली गाडी त्या रस्त्यावर नेण्याचा अट्टहास कशासाठी करावा? मनालीपर्यंत आपली गाडी न्यावी, ती तिथे लावावी आणि पुढे वर जाण्यासाठी स्थानिक टॅक्सी करावी. त्या लोकांना प्रत्येक वळणाची सावली कोणत्या वेळी हटते हे ठाऊक असते, आणि त्यांचाही चरितार्थ चालतो.

माझ्या मते अपघातांचे एक मोठे कारण परतीची घाई हे आहे. जाताना माणूस थांबत थांबत जातो. येताना रजा संपत आलेली असते, मुलांची शाळा असते, घरी सण असतो. दोन हजार किलोमीटरचा हिशेब डोळ्यांसमोर असल्यामुळे पहाटेचे चार तास वाचवावेसे वाटतात, आणि डोंगरात नेमके तेच चार तास सर्वांत वाईट असतात. कार्यक्रम आखतानाच परतीच्या बाजूला एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, आणि तो नंतर कोणत्याही कारणासाठी खर्च करू नये.

अक्कलकोट नाका

याच्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्या व्यवसायात माल पोहोचवण्याची वेळ ठरलेली असते, तरीही रस्ता गोठलेला असेल तर थांबण्याची मुभा मी चालकाला देतो. पेट्या एक दिवस उशिरा उतरल्या तर नुकसान भरून काढता येते.

जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी गॅरेजमध्ये पाहून घ्याव्यात. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास साधे पाणी भरतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ठोकळा फोडू शकते. निघण्यापूर्वी ते काढून योग्य प्रमाणात कूलंट भरावे, काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये. दुसरे डिझेलचे. कडक थंडीत डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल २०१९ पासून मिळू लागले, ते याच कारणाने. खालून टाकी काठोकाठ भरून नेण्याऐवजी डोंगरातल्या पंपावर भरलेले बरे.

विमा सर्वेक्षक, सम्राट चौक

ताईंच्या प्रसंगातील दाव्याचा भाग कोणी लिहिलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे काहीही मिळत नाही. सर्वंकष विमा असेल तर माणसे सुरक्षित ठिकाणी गेल्यानंतर, आणि गाडी हलवण्यापूर्वी, रस्ता, चाकांच्या खुणा, चर आणि दोन्ही गाड्यांचे क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे काढावीत आणि कंपनीला लगेच कळवावे. डोंगरात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे पॉलिसीचा क्रमांक कागदावर लिहिलेला असावा. चरात उतरलेल्या गाडीचे तेलाचे पात्र फुटलेले असण्याची शक्यता असते. खाली तेल गळताना दिसत असेल तर इंजिन सुरू करू नये, कारण त्यानंतर झालेली इंजिनाची हानी अपघाताची म्हणून मान्य होणे अवघड जाते. ओढून काढताना दोर बंपरला किंवा सस्पेन्शनला न बांधता गाडीसोबत दिलेल्या हुकाला बांधावा. बऱ्याच गाड्यांत तो हुक स्टेपनीजवळ सुटा ठेवलेला असतो आणि मालकांना त्याची माहितीच नसते.

होटगी रोड

आमचाही हुक तिथेच होता, टॅक्सीचालकानेच शोधून काढला. एक शंका आहे. आम्हाला जेसीबी येईपर्यंत बराच वेळ थांबावे लागले. दुसऱ्या धडकेनंतर दोन्ही गाड्या दगड लावून पक्क्या केल्या आणि सासूबाईंना थंडी सहन होईना म्हणून त्यांना वर थांबलेल्या एका बसमध्ये बसवले. ती बस नसती तर गाडीत बसून इंजिन आणि हीटर सुरू ठेवणे योग्य झाले असते का?

डॉक्टर, रेल्वे लाइन्स

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण बर्फात अडकलेल्यांचा जीव घसरण्यापेक्षा कधी कधी यानेच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी मोठ्या हिमवृष्टीत पर्यटकांच्या गाड्या रात्रभर रस्त्यातच अडकल्या आणि वीसहून अधिक लोक गाड्यांमध्येच दगावले. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हे कारण पुढे आले. धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले की इंजिनाचा धूर गाडीखाली साचतो आणि आत शिरतो. या वायूला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि थकव्यामुळे झोप येत आहे असे समजून माणूस डोळे मिटतो.

म्हणून गाडी पक्की उभी असेल आणि मागून धडक बसण्याचा धोका नसेल तरच आत बसावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी धुराड्याभोवतीचे बर्फ हाताने दूर करावे, दर तासाला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवू नये, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. वृद्ध आणि लहान मुलांचे ओले मोजे आणि हातमोजे आधी बदलावेत. सोलापुरी चादरी अशा वेळी अंगावर घ्याव्यात, चाकाखाली घालू नयेत. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि गुळाची ढेप सोबत असतेच, ती डिकीत न ठेवता हाताशी ठेवावी. साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक देशभर चालतो.

बार्शीकर

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार आहोत आणि हा धागा घरात सर्वांनी मिळून वाचला. वर जाण्यासाठी टॅक्सी करण्याचे ठरवले आहे, तरीही मनालीतच बर्फ पडले तर गाडी खाली काढण्यापुरती साखळी जवळ असावी असे वाटते. सुभेदार साहेब, साखळी घेताना काय पाहावे? आणि रात्री गाडी उभी करताना काय काळजी घ्यावी?

सुभेदार, निवृत्त

टायरच्या बाजूवर रुंदी, उंचीचे प्रमाण आणि रिमचा व्यास दाखवणारे आकडे असतात. साखळीच्या पिशवीवर तेच आकडे असले पाहिजेत. जवळपासच्या मापाची साखळी घेऊ नये, ती सुटते आणि चाकाच्या कमानीत किंवा ब्रेकच्या नळीत अडकते. आपल्या गाडीत टायर आणि आतल्या भागांत साखळीपुरती जागा आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. घेतल्यावर बार्शीतच अंगणात, हातमोजे घालून, दोन-चार वेळा बसवून आणि काढून पाहावी. बर्फात गुडघे टेकून, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकण्याची ती गोष्ट नव्हे. लावायची ती उताराच्या माथ्यावर, सपाट जागी, आणि लावल्यावर वेग ताशी ३० च्या आत ठेवायचा. कोरडे डांबर लागले की काढायची, नाहीतर साखळी आणि टायर दोन्ही झिजतात.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलावा गोठून तो आतच चिकटतो आणि सकाळी मागची चाके फिरत नाहीत. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून उभी करावी, आणि वायपर काचेवरून उचलून ठेवावेत.

साखळी बसवून झाल्यावर थोडे अंतर हळू चालवून थांबावे आणि ती पुन्हा आवळावी. चाक फिरल्यावर पहिली बसवण सैल पडतेच.